पोळा फुटायच्या आधी

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. आणि माझ्या पोरीला कुणी मुकी म्हटलं की डोकं असं फिरायचं की समोर सरपंच आहे की सासरा, तेही बघायची नाही मी. अहो, मुकी कुठली? घरात तोंडाचा पट्टा सुरू असायचा तिचा. आजीची नक्कल, बापाची नक्कल, दूधवाल्याच्या खोकल्याची नक्कल. उंबरठा ओलांडला की मात्र ओठ घट्ट मिटले. बाहेर मलासुद्धा काही सांगायचं असेल तर पदर ओढून मला खाली वाकवायची आणि कानात हळूच सांगायची.

आणि मी कोण, तर गावची अंगणवाडी सेविका. कोरपना तालुक्यातल्या आमच्या गावात कापूस आणि सोयाबीन पिकतं, आणि शेतावर जाणाऱ्या बायांची पोरं मी सांभाळते, खेळवते, बोलती करते. म्हणजे दिव्याखालीच अंधार. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण हापशीवर माझी पाठ फिरली की कुजबुज व्हायचीच.

प्रशिक्षणात आम्हाला एक तक्ता मिळाला होता, मुलांच्या मनाच्या वाढीचा. त्यात पायऱ्या काढलेल्या. सगळ्यात खाली आई. आईवर भरवसा बसला की मूल बाहेर पाऊल टाकतं. मग दुसऱ्या पोराशेजारी बसून आपापलं खेळतं, मग हळूहळू एकत्र खेळतं. भावनांचंही तसंच. आधी मुलाला स्वतःला काय होतंय ते ओळखता येतं, ते सांगता येतं, आणि मग कुठे दुसऱ्याचं दुःख कळायला लागतं. मला सगळं तोंडपाठ होतं. पण माझी पोर यातल्या कोणत्या पायरीवर अडली, ते काही सापडेना. आई तर चोवीस तास हजर होती की!

एकदा प्रशिक्षणाला चंद्रपूरहून आलेल्या मॅडमना जेवणाच्या सुट्टीत गाठलं. भली बाई. घास बाजूला ठेवून तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "बोल बोल म्हणून तिच्या मागे लागू नका. ती हट्टी नाही, ती घाबरते. आधी तिला स्वतःच्या मनातलं ओळखू द्या." आणि हसऱ्या, रडक्या, रागावलेल्या चेहऱ्यांची चित्रं दिली. आज तुला कसं वाटतंय, ते बोटानं दाखवायचं. घरी येऊन चित्रं मांडली, तर पोरीनं रडका चेहरा उचलला आणि मला विचारलं, "हिले कोणं मारलं वं आई?" त्या चेहऱ्याची सगळी चौकशी केली. स्वतःचं विचारलं की खांदे उडवायची आणि पळायची. सासूबाईंनी जीभ सुटावी म्हणून वेखंड उगाळून लावलं. मी आडवी गेले नाही, त्यांचाही जीव तुटतच होता.

पहिलीत गेली आणि खरी पंचाईत झाली. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, मी इकडे अंगणवाडीत. पोरगी दिवसभर लघवीलाच जायची नाही, कारण बाईंना विचारावं लागणार. शाळेतल्या बाईंनी काय नाही केलं? म्हणाल्या, "बोलू नको, नुसती करंगळी दाखव." मग म्हणाल्या, "करंगळीही नको, उठ आणि चालायला लाग." पण उठलं की सगळा वर्ग बघणार! बरं, वर्गातली पोरं मायाळू. हिची चुळबुळ दिसली की तीच ओरडायची, "बाई, तिले लागली, तिले लागली!" की ही लाल व्हायची आणि जोरजोरानं मान हलवायची, नाही म्हणून. मग तिनं पाणीच पिणं सोडलं. बाटली भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची. शाळा सुटली की कळवळत पळायची. कधी घर गाठायची, कधी वाटेतच फ्रॉक ओला.

एक दिवस ताप भरला. गडचांदूरला दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, दाबून दाबून आत इन्फेक्शन झालंय, असंच चाललं तर किडनीवर जाईल. येताना बसमध्ये तिचं तापलेलं डोकं मांडीवर होतं आणि मला रडू आवरत नव्हतं. राग तरी कुणावर काढू? बाई चांगल्या, पोरं चांगली, घरचे चांगले. "बाई, मले लागली." एवढंच म्हणायचं होतं तिला, आणि तेवढ्यावर माझ्या लेकराचा जीव अडकला होता.

श्रावणात तिच्या वर्गात एक नवी पोरगी आली. भामरागडकडची. तिचा बाप सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला लागला होता आणि त्यांनी आमच्या गावात खोली घेतली होती. घरची बोली माडिया, मराठीचा एक शब्द पोरीला येत नव्हता. बाईंनी तिला नेमकं माझ्या पोरीशेजारी बसवलं. एकीला आमचे शब्द येत नव्हते, दुसरीला येत होते तर ती काढत नव्हती. म्हटलं, वा, जोडी तर झकास जमवली!

पण त्यांचं जमलं. एकदा मधल्या सुट्टीत मी मुद्दाम शाळेत डोकावले, तर दोघी व्हरांड्यात चिंचोके मांडून बसलेल्या. बोलणं नाही, भांडण नाही, एकमेकींकडे बघणंही नाही. तक्त्यात ही पायरी दोन-अडीच वर्षांच्या पोरांची होती. मला वाटलं, पोरगी वर चढायची सोडून खाली घसरली की काय! घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "अवं, खेळून तर राह्यली ना? का त्याचंही दुख्ख करतं?" मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे बघा.

मग तान्हा पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला खरे बैल आणि दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी नंदी. पोट्टे-पोट्ट्या नटूनथटून चाकांवरचे नंदी ओढत मैदानात आणतात, रांगेत उभे राहतात, समोर आंब्याच्या पानांचं तोरण. तोरण तुटलं की पोळा फुटला. मग हर हर महादेव करत सगळे धावत सुटतात आणि घरोघर बोजारा मागतात, कुणी चॉकलेट देतं, कुणी नाणं. पण तोरण तुटेपर्यंत रांग सोडायची नाही आणि तोरणाखालून तर अजिबात जायचं नाही. वेळेआधी पोळा फुटलेला आमच्या म्हाताऱ्यांना खपत नाही.

शाळेच्या मैदानात तोरणाचं एक टोक कडुनिंबाला बांधलं होतं. दुसऱ्या टोकाचा खांब चिखलात काही उभा राहीना, म्हणून ते टोक शाळेतल्या बाईंनी हातात धरलेलं. मी त्यांच्या शेजारी, पुढे घुसणाऱ्या पोट्ट्यांना मागे रेटत. बक्षीस द्यायला पाहुणे यायचे होते आणि पाहुण्यांचा पत्ता नव्हता. पाहुणेच ते, भाव खाणारच! रांगेच्या मधोमध माझी पोर उभी होती. नव्या पोरीकडे नंदी नव्हता, म्हणून हिनं आपल्या नंदीची अर्धी दोरी तिच्या हातात दिलेली.

बराच वेळ गेला. नवी पोरगी या पायावरून त्या पायावर व्हायला लागली आणि तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. मागचे पोट्टे खिदळले, "नाचून राह्यली, नाचून राह्यली!" माझी पोर हसली नाही. हे कळायला तिला कोणतीही भाषा लागत नव्हती.

तिनं नंदीची दोरी टाकली. मैत्रिणीचा हात धरला आणि रांग सोडून सरळ तोरणाकडे निघाली. माईकवरचे भाऊ ओरडले, "ए पोरी, कुठी चालली? तोरण नाई तुटलं अजून!" सगळं गाव तिच्याकडे बघायला लागलं. ज्याला ती जन्मभर भ्यायली, नेमकं तेच! मला वाटलं, आता माझ्याकडे येईल, पदर ओढेल. मी वाकलेसुद्धा. ती माझ्याकडे आलीच नाही. तोरणाखालून वाकून गेली आणि शाळेतल्या बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, हिले लागली."

मोठ्यानं. घोगरा आवाज, पण सगळ्यांना ऐकू गेला. माझ्या तक्त्यात आधी स्वतःचं होतं, मग दुसऱ्याचं. पोरगी उलटीकडून चढून आली होती.

बाईंच्या हातातून तोरण निसटलं आणि चिखलात पडलं. एका पोट्ट्यानं ते पाहिलं आणि बोंब ठोकली, "फुटला! पोळा फुटला!" झालं! सगळी रांग नंद्यांसकट उधळली. भाऊ माईकवर "थांबा, अरे पाहुणे यायचे हायेत" म्हणून ओरडत राहिले, ऐकतो कोण? माझ्या पायांवरून चाकं गेली, पण मी जागची हलले नाही.

बाईंनी नव्या पोरीचा हात धरला. "हौ, चल माय, चल," म्हणाल्या आणि शाळेच्या मागच्या बाजूला निघाल्या. माझी पोर तिथेच उभी. सकाळपासून घराबाहेर होती, तिच्याही मांड्या आवळलेल्या मला दिसत होत्या. "बाई, तिलेही न्या," हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. आयुष्यात एवढं कठीण काम मी दुसरं केलेलं नाही.

"बाई!"

बाई थांबल्या, वळल्या.

"मले बी."