उजव्या चाकाचा आवाज

सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं आणि आमच्या रेडीच्या घराची घडीच विस्कटली. त्यांना आठवड्यातून दोनदा कुडाळला न्यावं लागे. माझे यजमान बोटीवर नोकरीला, त्यामुळे भाड्याच्या रिक्षेतून मीच त्यांना नेत-आणत होते. मग मुंबईहून धाकटी जाऊ आली. महिनाभर राहायचं ठरवून, स्वतःची हायब्रीड गाडी स्वतः चालवत आली. शेजारीपाजारी गाडी बघायला जमले. सासूबाई प्रत्येकाला सांगत, "धाकटी इली म्हणान माझी सोय झाली." इतकी वर्षं त्यांची भाकरी, त्यांची औषधं, त्यांचं अंथरूण मी केलं होतं. मी केलेली सोय कधी कुणाच्या तोंडी आली नाही. मी आत चुलीपुढे बसून ते ऐकायची आणि घास कडू व्हायचा.

गाडीत सासूबाई पुढे बसत, मी मागे उजव्या बाजूला. हळू जाताना ती गाडी बॅटरीवर चालते, इंजिनाचा आवाजच नसतो. त्या शांततेत मला माझ्या सीटखालून घुंईऽऽ असा आवाज येऊ लागला, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. वेग वाढला की तो वाढे. डावं वळण आलं की मोठा होई, उजवं आलं की दबे. मी धाकटीला म्हटलं, तर ती हसून म्हणाली की रस्ताच खडबडीत आहे, टायरचा आवाज असेल. पुन्हा दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. मी पुन्हा तो विषय काढला नाही. खरं सांगायचं तर त्या आवाजाने मला बरंच वाटत होतं. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या त्या गाडीत काहीतरी खोट होती आणि ती फक्त मला ठाऊक होती.

एकदा कुडाळहून परतताना मी आरवलीला वेतोबाच्या देवळाकडे थांबायला सांगितलं. केळ्यांचा घड नवसाचा राहिला होता. सासूबाई थकून गाडीतच बसल्या, धाकटी त्यांच्याजवळ थांबली. आत देवासमोर त्याला वाहिलेल्या मोठमोठ्या चपला होत्या. गावच्या राखणीसाठी फिरून फिरून त्यांचे तळ झिजतात, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या बघून माझे डोळे भरले. मनात म्हटलं, देवा, तू साऱ्यांसाठी चालतोस, माझ्या दारावरून कधी गेलास का? आणि हात जोडलेले असतानाच मी मागितलं, की या धाकटीचं एकदा तरी काहीतरी बिघडू दे, सगळ्यांना दिसेल असं बिघडू दे.

बाहेर आले तर गाडीपाशी एक वयस्कर गृहस्थ उभे होते. अनोळखी, खांद्यावर पंचा, हातात आमच्यासारखाच केळ्यांचा घड. आमची गाडी आत वळताना त्यांनी ऐकली होती. ते धाकटीला सांगत होते, "गाडयेचो आवाज बरो नाय. फुडे जाव नकात." धाकटी नम्रपणे, पण कंटाळून ऐकत होती. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"बाय, तुमी मागे बसतात मां? तुमका आवाज येता काय?"

मी नाही म्हणाले असते तर ते निघून गेले असते आणि आम्हीही. मला वाटलं, मी आत जे मागून आले ते यांना ऐकू गेलंय. मी म्हटलं, "येता. उजव्या चाकाकडसून येता. डाव्या वळणार वाढता."

धाकटीचा चेहरा उतरला. तिने एवढंच विचारलं, "वहिनी, जवळ कुठे गॅरेज आहे?"

शिरोड्याच्या अलीकडे एका मेस्त्रींचं गॅरेज होतं, तिथवर गाडी अगदी हळू नेली. अशी गाडी इंजिन बंद दिसलं तरी चालूच असू शकते, म्हणून त्यांनी आधी ती पूर्ण बंद करवली आणि चावी लांब ठेवायला लावली. मग सासूबाईंना उतरवून मागचं उजवं चाक जॅकवर उचललं. वर-खाली धरून हलवलं, तर ते खिळखिळं झालेलं. मागच्या स्प्रिंगवर माझा हात ठेवून त्यांनी चाक फिरवलं. जात्यात वाळू पडावी तशी करकर माझ्या बोटांना लागली. चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग पार झिजलं होतं. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर चाक धावत्या गाडीत जाम झालं असतं, असं ते म्हणाले. पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या सासूबाई मला आठवल्या.

नवीन बेअरिंग म्हापशाहून यायचं होतं. मेस्त्रींच्या बायकोने पडवीत चटई घालून सासूबाईंना निजवलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. मग धाकटीच म्हणाली,

"वहिनी, मला तुमचा फार हेवा वाटतो. मी आईंचे पाय चेपायला बसले की त्या म्हणतात, 'थोरलेक धाड.' सुई टोचली तरी तुम्हालाच हाक मारतात. मी गाडीच आणू शकले, आणि तीही ही अशी."

मी तिचा हात धरला, तो गार पडला होता.

बेअरिंग आलं. गंजलेले बोल्ट सोडवून, चाकाच्या सेन्सरची वायर जपून बाजूला घेऊन मेस्त्रींनी ते बसवलं. पुन्हा चाक फिरवलं तेव्हा आवाज उरला नव्हता. घरी येताना वाटेत समुद्राची गाज ऐकू येत होती. देवळाबाहेरचे ते गृहस्थ काही दिवसांनी शिरोड्याच्या बाजारात भेटले. मी पाया पडायला वाकले तर ते गोंधळले आणि म्हणाले, "माका आठवणा नाय हां, बाय." त्यांना काहीच आठवत नव्हतं. उपकार करून ते विसरूनही गेले होते, मला तेच फार मोठं वाटलं.

मी मागितलं ते देवाने दिलं होतं, पण कसं आणि कुठे द्यायचं ते माझ्या हाती ठेवलं नव्हतं. तेव्हापासून कुणाला काय दे, हे मी त्याला सांगत नाही. मत्सर गेला, असं म्हणणार नाही. परवा दुपारी सासूबाईंनी खोलीतून "थोरले" म्हणून हाक मारली. मी उठणार, तोच धाकटीने "ओ" दिली आणि तेलाची वाटी घेऊन ती आत गेली. ग्लानीत असलेल्या सासूबाईंना फरक कळला नाही. मीच समजून त्या तिच्याशी बोलत राहिल्या. माझ्या काळजात थोडं दुखलं. मी दाराबाहेर उभी राहून काही न मागता हात जोडले आणि आत गेले नाही.