मालकानं दिलेली भाजी

दर बुधवारी सकाळी आमच्या अपार्टमेंटखाली एक छोटा टेम्पो उभा राहतो आणि वॉचमन वर फोन करतो, "मॅडम, पिशवी आली तुमची." पिशवीत काय आहे ते उघडेपर्यंत मला माहीत नसतं. नांदेडहून मुदखेडकडे जाताना एका जोडप्याचं सेंद्रिय शेत आहे, तिथल्या सभासदांपैकी मी एक. हंगामाच्या सुरुवातीला पैसे भरायचे आणि मग शेतात जे येईल त्यातला आपला वाटा घ्यायचा. चांगलं पिकलं तर पिशवी जड, कीड पडली तर हलकी. तक्रार करायची नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि तक्रार करणं हा माझा जोडधंदा आहे, पण या एका बाबतीत मी कधी तोंड उघडलं नाही. एकटीला आता ती पिशवी संपत नाही. माय गेल्यालाही दुसरा पावसाळा लागला. तरी बंद करवत नाही.

सभासद झाले होते ते मायसाठीच. माय मुदखेड तालुक्यातल्या आमच्या खेड्यात एकटी राहायची. एक दिवस हापशावर पाणी आणायला गेली आणि घराची वाटच विसरली. शेजारच्यांनी आणून सोडलं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी तिला नांदेडला माझ्या फ्लॅटवर आणलं. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. पण माय फ्लॅटमध्ये रमली नाही. खिडकीशी बसून राहायची. जेवायला वाढलं की भाजी बोटानं बाजूला सारायची.

"याला चव न्हाई, बाई. नुसतं पानी हाय."

डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढत जाणार, खाणंही कमी होत जाणार. हे मला मान्य नव्हतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं असं म्हणू नये, पण मला वाटायचं, हिला तिच्या ओळखीचं काही खायला मिळालं तर ही परत पहिल्यासारखी होईल. शाळेतल्या एका बाईंनी या शेताचं सांगितलं आणि मी त्याच आठवड्यात पैसे भरले.

पहिल्या पिशवीत दोडकी होती, गवार होती, आणि तळाशी घोळीची एक जुडी. घोळ पाहिली आणि मला एकदम लहानपणचा आमचा उंबरा आठवला.

बाप मला आठवतही नाही इतक्या लवकर गेला. माय गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे खुरपणीला जायची. संध्याकाळी परत आली की उंबऱ्यावर बसायची आणि लुगड्याची ओटी सोडायची. ओटीतून घोळ पडायची, कुंजरा पडायचा, कधी पाथरीची पानं. पिकातलं तण म्हणून काढलेलं, पण आमच्या घरी त्याचीच भाजी. मी विचारायचे, "कुणी दिलं गं?" आणि माय दर वेळी तेच सांगायची, "मालकानं दिलं. लई चांगला मानूस हाय."

मी त्या मालकाला लांबून एकदोनदा पाहिलं होतं. पांढरं धोतर, हातात काठी. पण मनात मी त्याला देव करून ठेवलं होतं. पाचवीत गुरुजींनी 'माझी आवडती व्यक्ती' असा निबंध घातला, तेव्हा इतर पोरांनी आई, आजोबा, देशभक्त लिहिले आणि मी आमच्या मालकावर लिहिलं. 'ते माझ्या आईला रोज भाजी देतात, कारण त्यांचे मन मोठे आहे.' गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला. घरी येऊन मी मायला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं पूर्ण ऐकला आणि म्हणाली, "चांगलं लिव्हलंस." मग जरा वेळानं, "आता ठिवून दे ते. मानसाला वाचून दावत फिरू नको."

मला वाटलं, माय लाजली.

तर ती पहिली पिशवी. संध्याकाळी शाळेतून आले तर घोळीची जुडी गायब. मायला विचारलं, तिनं कानावर हात ठेवले. दोन दिवसांनी तिच्या पलंगाखालून वास यायला लागला. वाकून बघते तर जुडी जुन्या लुगड्यात गुंडाळून पार भिंतीकडे ढकललेली, सडून काळी पडलेली. मी खवळले. माझा स्वभावच तसा, दूध उतू जायला वेळ लागतो पण मला लागत नाही.

"अगं माय, रीतसर घेतलेली भाजी आहे ही! लपवतेस काय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं!"

मी आपलं थट्टेनं म्हटलं. माय मात्र दचकली. तिनं पदर तोंडाशी धरला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि सगळ्या हसल्या. हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो, पण झालं ते असं झालं.

शेताची अजून एक अट होती. सभासदांनी महिन्यातून एका रविवारी शेतावर येऊन काम करायचं. अन्न कसं उगवतं ते कळावं म्हणून. मला ती अट वाचून आनंदच झाला होता. वाटलं, माय एकदा रानात उतरली, मातीला हात लागले, की ही खिडकीशी बसलेली म्हातारी जाईल आणि माझी माय परत येईल. एका दिवसापुरती आली तरी चालेल. मला माझी माय हवी होती, बस्स.

भादव्यातला रविवार होता. हळदीत खुरपणी होती. पंधराएक सभासद जमले होते. कुणी डॉक्टर, कुणी प्राध्यापक, त्यांच्या बायका टोप्या घालून, हातमोजे चढवून. आधी फोटो आणि मग खुरपं, असा एकूण क्रम. एका साहेबांनी खुरपं असं धरलं होतं की त्यांच्याच पायाची काळजी वाटावी. शेतकरी आणि त्याची बायको दोघंही चाळिशीची, हसतमुख. त्यानं मायला हात जोडले, "या मावशी. तुम्ही नुसतं बसा झाडाखाली, काम आम्ही करतो."

मायनं त्याच्याकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि चपला काढून बांधावर ठेवल्या. लुगडं वर खोचलं. ढिगातलं खुरपं उचलून अंगठ्यानं धार पाहिली, ते ठेवलं, दुसरं घेतलं. आणि हळदीच्या ओळीत जाऊन बसली.

मी तिच्या शेजारची ओळ धरली. काय सांगू! घरात जिला पाण्याचा तांब्या कुठे ठेवला ते आठवत नव्हतं, तिचे हात हळदीच्या रोपाला धक्का न लावता तण मुळासकट उपटत सरकत होते. सगळे बघायला लागले. प्राध्यापकांनी तर मोबाईल काढला. मी मनात म्हटलं, आली. माझी माय आली.

तिची ओळ संपली तेव्हा मी अर्ध्यावरही नव्हते. ती पलीकडच्या टोकाला वळली आणि माझ्याच ओळीत समोरून खुरपत यायला लागली. खुरपणीच्या बायकांची ही जुनी रीत. जी मागे राहते तिच्या ओळीला पुढची हात लावते, म्हणजे मालकाची बोलणी एकटीला खावी लागत नाहीत. आम्ही मधोमध भेटलो. मायनं घाम पुसला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"नवी हायस का गं? कोन्या गावची?"

मी नुसती मान हलवली.

"हात मऊ हायत तुझे. होईल सवय. गपगुमान काम कर, मालक बगून राहिलाय." मग ती माझ्याकडे सरकली आणि आवाज खाली आणला. "घोळ घेतलीस का वटीत?"

तेव्हा मला दिसलं. तिच्या ओटीचा भाग फुगलेला होता.

"घे थोडी. पन वरून गवत टाक. जाताना बांधावर वटी झाडून दावावी लागती. तवा खालचं खालीच धरायचं, असं, मुठीत. मला धा वर्सं झाली, दोन येळाच घावले." तिनं दोन बोटं दाखवली. "घावली की समद्या बायांम्होरं झाडायला लावतो. काठीनं पदर उचलून बगतो मेला."

मी कसंबसं विचारलं, "त्यो देत न्हाई?"

"कोन, मालक?" माय हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "बैलाला टाकील, पन बाईला देनार न्हाई. घरी पोर हाय माझी. साळंत जाती, लई हुशार. तिला सांगते, मालकानं दिलं. लेकराला कामून सांगायचं? चोराची पोर म्हनू नये तिला कुनी."

एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. मी खुरपं हातात धरून तशीच बसले. मला माझा निबंध आठवत होता, आणि भाकरी थापणारे, न थांबलेले तिचे हात. माझं थट्टेचं 'चोराच्या मनात चांदणं' आठवत होतं. मी माझी माय परत मागितली होती. परत आली ती मला कधीच न भेटलेली बाई होती, आणि तिनं माझी ओळख विचारली होती. तिला मिठी मारावी असं वाटलं. पण परकी बाई अशी अंगावर आली तर ती घाबरली असती.

दुपारी काम संपलं. सगळे बांधाकडे निघाले. शेतकऱ्याची बायको प्रत्येकाला ताजी भाजी देत होती. शेतकरी कौतुकानं मायकडे चालत आला. बहुतेक तो म्हणणार होता, मावशी, तुम्ही आम्हा सगळ्यांना शिकवलंत. पण तो जवळ येताना दिसला तशी माय थांबली. तिनं पदर सोडला, ओटी उलटी केली आणि जोरजोरात झाडली. घोळीचा हिरवा ढीग तिच्या पायाशी पडला. हात जोडून, मान खाली घालून ती म्हणाली, "बगा मालक. काय न्हाई आता. समदं झाडलं."

मोबाईल खाली गेले.

खरं सांगायचं तर मला आधी लाज वाटली. इतक्या लोकांत! ती लाज मी अजून विसरलेले नाही. शेतकऱ्याचा चेहरा पडला. "मावशी, अहो, मालक नका म्हणू. तुमचंच आहे हे सगळं," असं काहीतरी तो म्हणत राहिला. बिचारा चांगला माणूस होता, पण त्या क्षणी मला त्याचा संताप आला. कसला, ते सांगता येत नाही. मी खाली बसले आणि ती घोळ वेचून माझ्या ओढणीत भरायला लागले. त्याच्या बायकोनं पुढे केलेली भाजी मी घेतली नाही. परतीच्या वाटेवर माय रिक्षात माझ्या खांद्यावर झोपली.

घरी आल्यावर घोळ धुतली, मुगाची डाळ आणि लसूण घालून परतली. मायला विचारलं, भाकरी थापतेस का, तिनं नुसतं पाहिलं. मग मीच केली. ताट तिच्यापुढे ठेवलं. तिनं घास घेतला. दुसरा घेतला. बोटानं बाजूला सारलं नाही. किती तरी दिवसांनी ती जेवत होती, आणि मला आनंद व्हायला हवा होता.

अर्धी भाकरी संपल्यावर तिनं वर पाहिलं. "बाई," म्हणाली. लेकीला ती बाईच म्हणायची, म्हणजे ओळखलं होतं. "कुनी दिलं गं हे?"

दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, "मालकानं दिलं, माय. लई चांगला मानूस हाय."

मायचा हात ताटातच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. पुढे वाकून माझं मनगट धरलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"घावली न्हाईस ना?"

"न्हाई, माय," मी म्हटलं. "कुनी बगितलं न्हाई."