बैलांना घातलेली कणीक

मी भिजवलेली कणीक त्यांनी बैलांना घातली.

माझ्या देखत नाही. देखत घालायला छाती लागते. मी सरपण आणायला आमराईच्या मागे गेलो होतो. चांगली तिंबून, तेलाचा हात फिरवून, वर ओलं फडकं टाकून गेलो होतो. लाकडांची मोळी घेऊन परत आलो तर फडकं चुलीपाशी पडलेलं. परात नाही. पलीकडे गोठ्यात मालगुजाराचे दोन बैल जिभा फिरवत उभे होते. एकाच्या नाकाला कणीक चिकटली होती.

परात अरविंदच्या हातात होती. राखेने घासत होता. एकदा घासून झाली, पाणी ओतलं, पुन्हा राख घेतली. शेजारी यमुताई उभ्या. शिबिराचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं. नदीवरून नुकत्याच अंघोळ करून आल्या होत्या. माझ्याकडे बघितलंही नाही. अरविंदला म्हणाल्या,

"धर्म बदलला म्हणून हात बदलले का रे याचे?"

अरविंद घासतच राहिला. मग माझ्याकडे मान वळवून हळूच म्हणाला, "वाया नाही गेली रे. बैलांनी खाल्ली."

हे त्याने माझी समजूत घालायला सांगितलं. आजही आठवलं की अंगाची लाही होते.

हा अरविंद माझा मित्र. नुसता ओळखीचा नव्हे. हे शिबिर आम्ही दोघांनी मिळून उभं केलेलं. वर्ध्याच्या होस्टेलच्या व्हरांड्यात बसून, दिवाळीच्या सुट्टीत घरी न जाता. नागपूरच्या, अमरावतीच्या, आमच्या, अशा सगळ्या कॉलेजांतल्या निवडून आलेल्या पोरांना एकत्र आणायचं. सभा कशी चालवायची, भांडण कसं मिटवायचं, प्रिन्सिपॉलसमोर न अडखळता कसं बोलायचं, हे पोरांनीच पोरांना शिकवायचं. वरून कुणी भाषण ठोकायचं नाही. आमचे प्राध्यापक होते, खादीतले, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी लवकर यायचं.

नियमही आम्हीच केले. एक नियम अरविंदचा. ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा तो माणूस समोर हजर पाहिजे. पाठीमागे ठराव नाही. एक नियम माझा. प्रत्येकाने प्रत्येक कामाची पाळी करायची. चूल, पाणी, शेत, सफाई, सभा. ज्याच्या सगळ्या पाळ्या झाल्या, तोच पुढच्या वर्षी प्रशिक्षक होऊन कॉलेजाकॉलेजात शिबिरं चालवायला जाणार. एक जरी पाळी चुकली तरी नाही.

मला प्रशिक्षक व्हायचं होतं. सरळ सांगतो, फार व्हायचं होतं. माझा बाप सिंदीच्या जिनात, कापसाच्या कारखान्यात, बोंद्र्या म्हणजे कापसाची भरलेली पोती पाठीवर वाहायचा. माय तिथेच कापूस निवडायची. आमच्या वस्तीतला कॉलेजात गेलेला मी एकटा. अमरावतीच्या कॉलेजात जाऊन मी पोरांसमोर उभा राहिलोय आणि पोरं माझं ऐकताहेत, हे चित्र मी जिथे बसेन तिथे डोळ्यांपुढे आणायचो.

अण्णांनी जागा मिळवली. धाम नदीच्या काठची आमराई. मालक तिथला मालगुजार, गावचा जुना जमीनदार. मालगुजारी कायद्याने गेली होती, पण गावाच्या तोंडातून गेली नव्हती, मानेतून तर नाहीच. त्याने आमराई दिली, गहू दिला, बैलगाडी दिली. नाताळच्या सुट्टीत शिबिर सुरू झालं.

पहिल्या दिवशी सगळे एका पंगतीत बसलो. माझ्या एका बाजूला नागपूरचा जोशी, दुसऱ्या बाजूला अरविंद. फोटो काढला. अण्णा फोटोवाल्याला म्हणाले, "याला मध्ये घे." मी मध्ये बसलो. छाती फुगवून बसलो. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन जुना धर्म टाकून आलो होतो. मायने घरातले देव नाल्यात सोडले होते. मला वाटलं, आता ही शिवाशिवही टाकली. हेही संपलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या गटाची चुलीची पाळी आली. सकाळी अण्णांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "सफाईला माणूस कमी पडतोय. तू आज तिकडे जा. संडासाचे चर खणायचे, वर माती टाकायची, हे सगळ्यांना दाखव. तुला सोपं जाईल."

मला का सोपं जाईल, हे मी विचारलं नाही. माझ्या घराण्यात कुणी हे काम केलेलं नव्हतं. संडास म्हणून जी काय गोष्ट असते ती मी पहिल्यांदा होस्टेलात आलो तेव्हा पाहिली. सिंदीला आमचं सगळं उघड्या रानात. पण अण्णांच्या लेखी मी महार, म्हणजे हे ज्ञान माझ्या रक्तात. मी गेलो. चर खणले. जोशीने एक दिवस फावडं धरलं तर संध्याकाळच्या सभेत त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. घरी कळलं तर त्याला काय काय भोगावं लागेल हे ऐकून अण्णांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी. मी रोज खणत होतो. माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि वाजवाव्यात असं मलाही वाटलं नाही.

पाण्याची पाळी आली तेव्हा मला भाजीच्या वाफ्यांना पाणी घालायला ठेवलं. पिण्याचे माठ दुसऱ्यांनी भरले. लाकडं मी आणली, गव्हाची पोती गाडीतून मी उतरवली, जळणाच्या गोवऱ्या मी रचल्या. ते सगळं चाललं. कोरडं सगळं चाललं. पिण्याचं, रांधायचं पाणी लागलं की चालत नव्हतं. हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला दिसत नव्हतं. मी पंगतीतल्या फोटोवर खूश होतो.

शेवटच्या दिवसापर्यंत माझी एकच पाळी राहिली. चुलीची. त्या दिवशी दुपारी समारोप, आणि गाव जेवायला येणार होतं, मालगुजारासकट. मी विचार केला, कणीक मोठी भिजवायची आहे, हात कमी आहेत, आपली राहिलेली पाळी भरून काढावी. सकाळी चुलीपाशी गेलो. यमुताई नदीवर गेल्या होत्या. मी हात धुतले आणि कणीक भिजवायला घेतली. घरी माय जिनात जायची, म्हणून लहानपणापासून भाकरी मीच थापायचो. गव्हाची कणीक आमच्याकडे सणालाच. त्या दिवशी एवढ्या गव्हात हात घालताना मला कसला आनंद झाला होता!

ती कणीक बैलांनी खाल्ली.

मी अरविंदला विचारलं, "कुणी ठरवलं?"

"अण्णांनी. यमुताईंनी जाऊन सांगितलं. मालगुजार जेवायला बसणार आहेत रे. गाव उठून गेलं तर शिबिराचं काय होईल?"

"मला का नाही बोलावलं?"

त्याने परात पालथी घातली. नियम त्याचाच होता. ज्याच्याबद्दल निर्णय, तो समोर हजर. त्या व्हरांड्यात तो नियम सांगताना त्याचा आवाज कसा भरून आला होता, ते मला आठवलं. मी त्याला तेव्हा म्हटलं होतं, यार, हा नियम तर सोन्याचा आहे.

मी अण्णांकडे गेलो. ते सूत कातत होते. तार तुटू न देता म्हणाले, "समाजाला हळूहळू न्यावं लागतं. आज तू एक पाऊल मागे घे, उद्या सगळे दोन पावलं पुढे येतील. तुझी सफाईची पाळी दुप्पट झाली आहे. त्यातली एक चुलीची झाली असं धरून चालू."

म्हणजे बाकी सगळ्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या. माझ्या हातची माती हीच माझी भाकरी. हे ते किती गोड आवाजात बोलले! शिवी दिली असती तर मी उलट दिली असती. या गोडव्याला उत्तर द्यायला मला दुपारपर्यंत थांबावं लागलं.

दुपारी गाव जमलं. मालगुजार पुढे, सतरंजीवर, त्याच्यामागे गाव. त्या गावातली आमची माणसं कुठे बसली होती ते सांगायला नको. अण्णांनी प्रशिक्षकांची नावं वाचली. अरविंद. जोशी. अमरावतीचे दोघे. मग माझं नाव घेतलं. म्हणाले, सफाई विभागाचा मार्गदर्शक. पुढे ये, म्हणाले. हातात सुताचा हार होता.

मी पुढे गेलो. हार घेतला नाही. लोकांकडे तोंड केलं.

म्हणालो, "माझी चुलीची पाळी झालेली नाही. आज सकाळी मी कणीक भिजवली होती. ती बैलांना घातली. मी महाराच्या पोटी जन्मलो म्हणून घातली. ज्याची एक पाळी राहिली तो प्रशिक्षक होत नाही, हा नियम आहे. पण माझी पाळी मी चुकवली नाही. ती माझ्याकडून काढून घेतली. ज्यांनी काढून घेतली, त्यांनीही आज कुणाला काही शिकवू नये."

अण्णा म्हणाले, "बस खाली. ही जागा नव्हे."

"मग कोणती?"

 मालगुजाराने बाजूच्या माणसाला हळूच काहीतरी विचारलं. जोशी आभाळाकडे बघत होता. अरविंद सतरंजीचा दोरा ओढत होता. माझ्याबरोबर पंगतीत बसलेली, माझ्या खांद्यावर हात टाकून गाणी म्हटलेली ती सगळी पोरं बसून राहिली. एक जण उठला नाही. मला वाटत होतं, एक तरी उठेल. खरंच वाटत होतं.

मी वळकटी उचलली आणि चालत वर्ध्याचं स्टेशन गाठलं. पॅसेंजरने सिंदीला उतरलो तेव्हा माय नळावर होती.

"काऊन परत आला तू? जेवून येनार होता ना?"

मी सांगितलं. सगळं. ती घागर खाली ठेवून ऐकत राहिली. मला वाटलं रडेल. नाही रडली.

"बैलाले घातली?" ती म्हणाली. "बैलाले इचारलं का कोनी, का महाराच्या हातचं चालते का तुले? का त्यायले बी राखेनं घासून राह्यले?"

आणि हसली. कडू हसली. मग घागर डोक्यावर घेतली. म्हणाली, "तू हार नाई घेतला ना?"

"नाही."

"मंग चाल. भाकरी टाकतो."

सुट्टी संपून होस्टेलला गेलो तर अरविंद खोलीवर आला. दारातच उभा. म्हणाला, अण्णा म्हणतात, चार शब्द माफीचे बोल, तुझं नाव प्रशिक्षकांत घालू. गावापुढे त्यांची मान खाली गेली, तेवढंच त्यांना लागलंय.

मी त्याला आत बोलावलं. मायने बांधून दिलेल्या भाकऱ्या होत्या. एक त्याच्यापुढे ठेवली. म्हणालो, "खा."

त्याने लगेच तुकडा मोडला. "माझं काय आहे रे? मी कधी मानतो?" खाल्ला. चांगला चावून खाल्ला.

"आता हीच भाकरी मालगुजारासमोर खाशील? तुझ्या आईसमोर?"

त्याचा हात थांबला. उरलेली भाकरी तशीच ठेवली. पायाच्या अंगठ्याकडे बघत उठला आणि निघून गेला. तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. दार लावून माझ्या हातचं खाणारे मला आयुष्यात पुष्कळ भेटले, पुढेही भेटत राहिले. प्रत्येकाला वाटायचं, आपण क्रांती केली. मी त्यांच्या पाठीवर थाप मारावी अशी त्यांची अपेक्षा असायची. मी मारली नाही.

माफी मी मागितली नाही. ते शिबिर पुढच्या वर्षी झालं, त्याच्या पुढच्याही वर्षी झालं. आमचेच नियम घेऊन झालं. माझं नाव त्यात नव्हतं. वर्तमानपत्रात म्हणे कौतुकही आलं, एका पंगतीचं.

मी माझं वेगळं सुरू केलं. सिंदीला, स्टेशनमागच्या मोकळ्या जागेत. कारंज्याची, बोरगावची, आसपासच्या खेड्यांतली कॉलेजात जाणारी आमची पोरं आली. मग इतरांचीही आली. सभा कशी चालवायची, हे तिथेही शिकवतो. विरोधात बोलणाऱ्याला आधी बोलू देतो. पण नियम एक बदलला आहे. चूल आडोशाला नाही. चूल रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि पहिल्या दिवशीची पहिली पाळी चुलीची. कणीक आमचं पोर भिजवणार. पाणी आमचं पोर भरणार. फोटो नाही, हार नाही, डोळ्यांत पाणी तर नाहीच.

दर वर्षी कुणीतरी येतो आणि खांद्यावर हात ठेवून म्हणतो, जरा हळूहळू घ्या. मी तो हात खांद्यावरून काढतो. जेवायचं असेल तर इथे, सगळ्यांसमोर जेव. नसेल जमत तर गाडी पकड आणि घरी जा. पण आमची कणीक यापुढे बैल खाणार नाहीत.