नमनातली मावशी लाईव्ह येते

आमच्या कोकणातल्या नमन मंडळात चार डोकी जमली की तालीम राहते बाजूला आणि अनंतदादाचे किस्से सुरू होतात. एक संपतोय तोवर दुसरा तयार! मी मृदंग वाजवतो, म्हणजे हे सगळं अगदी जवळून बघितलंय. शिमग्यातल्या या लोकनाट्यात गवळण असते, तिच्यात दादा लुगडं नेसून मावशीचं सोंग घेतो. करमणुकीचं नवीन काही आलं की लोक आता नमनाला बसतील का, याचा आम्हाला घोर. दादाला नाही.

*

टीव्हीवर सासू-सुनांच्या मालिका जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. गवळण रंगात आली आणि मालिकेची वेळ झाली म्हणून पुढच्या बायका उठल्या.

मावशीने हाक मारली, "बसा गो बायांनो. ती सासू उद्या पण हाय, ती मरत नाय. माझा काय भरवसा?"

सगळ्या हसत खाली बसल्या.

*

मग डीजे आला. दादाने गवळणीला वरातीतल्या गाण्याची चाल लावली. मंडळातले जुने गुरवकाका चिडले, "अनंता, ही चाल आपली नव्हे."

"काका, चाल त्यांची असंल. कृष्ण आपलाच हाय ना?"

पुढच्या वर्षी काकांनीच तीच गवळण मागून घेतली.

*

गेमचं तर विचारूच नका. पोरं नमनाला यायची, पण माना मोबाईलमध्ये. दादाने त्यांच्यात बसून तो गेम समजून घेतला. त्या शिमग्यात वगातला राक्षस, म्हणजे आमचा सुहास, मेला आणि दादाने शिकवल्याप्रमाणे लगेच उठून बसला. "अजून दोन लाईफ बाकी हायत माझ्या!"

पोरांचे मोबाईल खिशात गेले. काय डोकं या माणसाचं! मला त्याचा फार अभिमान वाटतो.

*

आता मंडळाचं चॅनल आहे. सुहास लाईव्ह करतो, मुंबईकर घरबसल्या बघतात. यंदा दादाच्या मुलाचं लग्न जमत आलं होतं. मुलगी डोंबिवलीची. मुलाचा फोन आला, "बाबा, यंदा मावशी नको. तिकडची सगळी एकत्र बसून बघणार आहेत. लग्न मोडलं तर?"

दादा त्या दुपारी जेवला नाही. संध्याकाळी मात्र लुगडं नेसून आला. "मंडळी बसली नि मावशी आली नाय, असं कसं चालंल?"

गवळण संपली. सुहास नेहमीसारखा कमेंट माईकवर वाचायला लागला आणि मध्येच अडखळला. नाव मुलीच्या वडिलांचं होतं. तरी त्याने वाचलं, "मावशी, गावाला असताना मी राधा व्हायचो. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही."

दादाने गालाला हात लावला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "राधे, आता कळलं गो सगळ्यांना!"