लक्ष्या शिंप्याचे फोटो

वर्षाली जव्हारच्या एका पतसंस्थेत कारकून आहे. कामावर जाता-येता ती मोबाईलवर फोटो काढते आणि ‘रोजचं जव्हार’ नावाच्या आपल्या पानावर टाकते. त्यात धबधबे नसतात, राजवाडा नसतो, सनसेट पॉइंटवरचा सूर्यही नसतो. तिच्या फोटोत स्टँडवर बॅगेवर डोकं टेकून झोपलेला कंडक्टर असतो, शेवग्याच्या शेंगांची जुडी खांद्यावर टाकून फोनवर भांडणारी बाई असते, सलूनच्या आरशात तोंड वाकडं करून आपलेच गाल तपासणारा म्हातारा असतो. खाली एखादी ओळ लिहिलेली. कामासाठी ठाण्या-भिवंडीकडे गेलेली इथली माणसं तिकडून लिहितात, ‘ताई, आज जरा स्टँड दाखवा ना.’

तिचा नवरा रोहिदास जव्हार-मोखाडा जीप चालवतो. मूळचा साखरशेतचा. सुरुवातीला त्याला बायकोचं फार कौतुक होतं. पुढच्या सीटवर कोणी मोबाईल उघडून बसलं की तो विचारायचा, “‘रोजचं जव्हार’ बघता का? माझ्या मिसेसचं आहे.”

मग त्या पानावर लक्ष्या शिंपी आला.

लक्ष्याचं दुकान बाजारपेठेत, ओट्यावर. मशीन अगदी रस्त्याच्या कडेला. पहिल्या फोटोत तो एक डोळा मिटून सुईत दोरा ओवत होता. रोहिदासने पाहिला आणि विसरला. काही दिवसांनी दुसरा आला. त्यात लक्ष्याने दोरा दातात धरला होता आणि गालाला खळी पडली होती. मग तिसरा. त्यात चेहराच नव्हता, नुसते हात, निळ्या कापडावर पसरलेले. त्याच्याखाली वर्षालीने लिहिलं होतं, ‘हा माणूस कापडाशी बोलतो.’

ही ओळ रोहिदासला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आपण जीपशी बोलतो की आणखी कशाशी, हे हिने कधी पाहिलं का? खाली पुण्या-मुंबईच्या बायकांनी बदाम टाकले होते. एकीने लिहिलं होतं, ‘काय शांत चेहरा आहे!’ रोहिदासने आरशात आपला चेहरा पाहिला. दिवसभर घाटात गिअर बदलून आणि ‘मोखाडा, मोखाडा’ ओरडून तो काही शांत राहिलेला नव्हता.

जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “त्या लक्ष्याचेच एवढे फोटो का?”

“त्याच्या ओट्यावर सकाळचा उजेड छान येतो.”

“उजेड आपल्याकडे पण येतो.”

“येतो ना. पण तेव्हा घरात बसलेलं असतं कोण?” असं म्हणून ती हसली आणि भाकरी मोडू लागली. रोहिदासने अर्ध्या भाकरीवरच हात धुतला.

त्यानंतर तो दिवसातून कितीदा तरी ते पान उघडू लागला. वाटेत मोऱ्हांड्याच्या अलीकडे रेंज जायची, मग पुढे रेंज येईपर्यंत त्याचा जीव वर-खाली व्हायचा. प्रवाशांवर तो उगाच खेकसू लागला. बाजारपेठेतून जाताना गाडी हळू करून ओट्याकडे बघायचा. लक्ष्या आपला मान खाली घालून मशीन चालवत असायचा. तेही रोहिदासला खुपायचं. एवढं काम असतं का कोणाला?

शेवटी एका सकाळी त्याने स्टँडवरचा आपला नंबर दुसऱ्या गाडीला दिला आणि शर्टाचं कापड घेऊन थेट लक्ष्याच्या दुकानात गेला. शर्टाची त्याला काही गरज नव्हती. वर्षालीची कामावर जायची वेळ त्याला माहीत होती.

“या दादा,” लक्ष्या म्हणाला. “बसा. हे काज झालं की माप घेतो.”

रोहिदास आत कपड्यांच्या ढिगाआड स्टुलावर बसला. थोड्या वेळाने वर्षाली आली. तिने नमस्कार केला नाही, विचारपूस केली नाही. समोरच्या पायरीवर उकिडवी बसली, मोबाईल धरला, सरकली, पुन्हा धरला. लक्ष्याने वरही पाहिलं नाही. फोटो काढून ती निघून गेली. दोघांत एक शब्दही झाला नाही.

रोहिदासला हायसं वाटायला हवं होतं. पण तिचा चेहरा त्याने पाहिला होता. ओठ किंचित उघडे, डोळे एका जागी लागलेले, आजूबाजूचं भान नाही. तो चेहरा त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

एवढ्यात हातात डबा घेऊन एक बाई ओट्यावर चढली. लक्ष्याची बायको सुकी. ती रोहिदासला ओळखत होती. त्याला बघून तिने डबा आदळला.

“बरं झालं तुम्ही भेटलात,” ती म्हणाली. “तुमची बायको रोज इथं येतं. लोक माझे नवऱ्याचा फोटो बघून काय काय लिहितात. माझी भाची वाचून दाखवतं मला. ह्याला घरी बोललं तर हूं का चूं करत नाय, आणि तिथं लिवलंय का हा कापडाशी बोलतो!”

“सुके, गप,” लक्ष्या म्हणाला.

“का गप? दादा, तुम्हाला बरं वाटतं का हे?”

आपल्या मनातलं सगळं दुसऱ्याच्या तोंडून, तेही भर बाजारात ऐकून रोहिदासचे कान गरम झाले. “नाय वाटत बरं,” तो शेवटी म्हणाला.

लक्ष्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मला कोणी विचारलंच नाय,” तो म्हणाला. “मलाही नाय आवडत. ताई समोर बसली का शिवण वाकडी जाते. पण शिकलेली बाई, तिला नाही कसं म्हणायचं?” मग टेप हातात घेऊन रोहिदासला म्हणाला, “उभे राहा, माप घेतो.”

संध्याकाळी रोहिदासने घरी सगळं सांगितलं. दुकानात लपून बसल्याचंही. वर्षाली आधी चिडली. “माझ्यावर पाळत ठेवलीस?” असं म्हणून भांडी आपटली. पण लक्ष्याला आवडत नाही हे ऐकल्यावर तिने हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ओट्यावर चढली, लक्ष्याची माफी मागितली आणि त्याचे सगळे फोटो पानावरून काढून टाकले. सुकी तिथेच होती. ती म्हणाली, “आता आलीस तर माझा एक काढ. पण तो कुठं टाकू नको, मला दे.” वर्षालीने काढून दिला. तो सुकीने भाचीच्या मोबाईलमध्ये ठेवला आणि आल्या-गेल्याला दाखवला.

रोहिदासला वाटलं, आता आपला नंबर. “माझे काढ,” तो म्हणाला. वर्षालीने काढले. स्टेअरिंगवर, टपावर सामान बांधताना, चहा पिताना. पण पानावर एकही आला नाही. तो रोज बघायचा. शेवटी विचारलंच, “मी काय एवढा वाईट दिसतो?”

तिने फोटो त्याच्यापुढे धरले. “बघ तूच.”

प्रत्येक फोटोत तो मान वळवून मोबाईलकडे बघत होता. मी कसा दिसतोय, असं विचारणारा चेहरा. “बाकीची माणसं आपल्या कामाकडे बघतात,” वर्षाली म्हणाली. “तू माझ्याकडे बघतोस.”

“मग कोणाकडे बघू?” तो म्हणाला. तिने मोबाईल खाली ठेवला आणि ती त्याच्याकडे बघू लागली.

पुढच्या आठवडे बाजाराला तिने रजा घेतली आणि रोहिदासच्या जीपमध्ये पुढे बसून मोखाड्याला गेली. भाताची झोडणी उरकलेली होती, बाजार भरून गेला होता. आता ती आधी विचारायची, मग काढायची. पुष्कळ जण नाही म्हणाले. राही नावाची एक म्हातारी टोपल्या विकायला बसली होती, ती मात्र म्हणाली, “काढ, पण टोपलीचा पण येऊ दे.” वर्षाली तिच्याशेजारी धुळीत बसली. दोघी काहीतरी बोलून खिदळत होत्या.

रोहिदास लांबून बघत होता. एका म्हातारीबद्दलही आपल्या पोटात दुखावं, याची त्याला लाज वाटली. पण दुखत होतं हे खरं. आजही दुखतं, तो स्वतःच सांगतो. कधी चणे-फुटाणेवाल्यावरून, कधी एखाद्या पोलिसावरून. फरक एवढाच की आता तो लपून बसत नाही. सरळ म्हणतो, “आज मला त्या फुटाणेवाल्याचा राग आलाय.” वर्षाली म्हणते, “येऊ दे.”

त्या दिवशी मोखाड्याच्या बाजारात परतीला जीप भरली. टपावर पोती चढली. मागून कोणीतरी ओरडलं, “चला की ड्रायव्हर, जव्हारला पोचायचंय!” पुढची एक सीट तेवढी रिकामी होती. रोहिदासने टोपल्यांकडे पाहिलं. वर्षाली अजून उठली नव्हती. त्याने गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि मागे वळून म्हणाला, “मिसेस येतायत. बसा जरा.”