बकुळआत्यांचा डबा

झाशीच्या रेल्वे कॉलनीत नवं मराठी बिऱ्हाड उतरलं की सामान सुटायच्या आधी त्याला दोन गोष्टी कळायच्या: नळाला पाणी कधी येतं आणि बकुळआत्या कुठे राहतात. पाणी एकवेळ यायचं नाही. आत्या मात्र चहाचा थर्मास घेऊन यायच्याच.

त्यांचा नवरा रेल्वेत गार्ड होता. तो ऐन उमेदीत गेला आणि त्याच्या जागी आत्यांना पार्सल ऑफिसात कारकुनी मिळाली. मूलबाळ नव्हतं. भावाचा मुलगा सुमेध निम्माअधिक त्यांच्याच घरी वाढला, त्यांच्या हातचं खाऊन आणि त्यांचाच मार खाऊन.

आता बघा, भुसावळहून बदलीवर आलेल्या बायकांना हिंदी कुठून येणार? भाजी हिंदीत मागता येते हो, बोट दाखवलं की झालं. दुखणं कसं सांगणार? डॉक्टर विचारायचे, "दर्द कैसा है?" बाई म्हणायची, "ठणका लागलाय." डॉक्टर नर्सकडे बघायचे, नर्स पंख्याकडे. मग आत्या सोबत जायला लागल्या. ठणका वेगळा, कळ वेगळी, मुरडा वेगळा, सगळं हिंदीत नीट उलगडून सांगायच्या. लोक म्हणायचे, कशाला या लष्कराच्या भाकऱ्या? आत्या म्हणायच्या, "भाजता येतात म्हणून."

या जाण्यायेण्यातच तो डबा भरला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. कुणाचा ताप उतरला, गोळ्या उरल्या, की त्या आत्यांच्या डब्यात. दुसऱ्या कुणाचा घसा धरला, की त्यातल्याच दोन त्याला. "घे गं, दोन घे. बरं वाटलं की थांब. औषध वाया घालवू नये." अन्न टाकू नये तसं औषध टाकू नये, एवढंच त्यांचं शास्त्र. चुकीचं होतं, साफ चुकीचं होतं. पण मनात खोट नव्हती, हेही तितकंच खरं.

सुमेध मोठा होऊन बायोटेक शिकायला लागला. मनस्वी, पार्थ आणि तो, तिघांचा एक गट होता. एका जिवाणूत बाहेरून जनुक घालून त्यांनी त्याला नवी खोड शिकवली होती: पाण्यात अँटिबायोटिकचा अंश असला की तो हिरवा चमकायचा. पुढेमागे गावातल्या लक्ष्मी तालाचं, त्या मोठ्या तळ्याचं, पाणी तपासायचं, अशी स्वप्नं होती. त्यांच्या मॅडम म्हणाल्या, "प्रयोगशाळेत चमकवून काय उपयोग? लोकांत जा." आणि गणपतीत मंडळाने त्यांना एक संध्याकाळ दिली.

आधी मनस्वी बोलणार होती, मग नाटक. नाटक सुमेधने लिहिलं. नाव ठेवलं 'गोळीवाली काकू'. काकूच्या तोंडची वाक्यं सुचायला त्याला कष्ट पडले नाहीत. लहानपणापासून कानांवर पडलेलीच होती ना!

शेवटी एक ओळ होती: 'डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र शेवटच्या गोळीपर्यंत घ्या.' तालमीत सुमेध म्हणाला, "ही काढू यार. काकू डबा फेकते, तिथे टाळी पडणार. त्यानंतर उपदेश कोण ऐकतं?"

मनस्वी म्हणाली, "अरे, हीच तर मेन लाइन आहे."

"पोस्टरवर लिहू ना."

ओळ गेली. पोस्टर काही झालं नाही.

नाटकासाठी डबा हवा होता. सुमेध सरळ आत्यांकडे गेला. आत्यांनी गोळ्या पिशवीत ओतल्या, डबा लख्ख पुसून दिला. पार्थला बाईचं काम आहे म्हटल्यावर आपली हिरवी इरकलही दिली. "जपून नेसव हो त्याला, पायात येईल." त्यांच्या पायाला तेव्हा बँडेज होतं. त्यांना शुगर, त्यात अंगठ्याला खिळा लागून जखम चिघळलेली. डॉक्टरांकडे सुमेधच घेऊन गेला होता. 'पूरा कोर्स करना है' हे त्याच्यासमोरच बजावलेलं होतं, गोळ्याही त्यानेच आणून दिल्या होत्या.

त्या संध्याकाळी आत्या लंगडत आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. पोराचं नाटक होतं ना.

मनस्वी छान बोलली. "चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं की नाही? तसंच औषधाला न जुमानणारे चार जिवाणू उरले, तरी त्यांचंच गोकुळ वाढतं." बायका माना डोलवत होत्या. मग पार्थ आला. हिरवी इरकल, काखेत डबा, आणि पहिलंच वाक्य, "घे गं, दोन घे!"

मंडप हसून असा फुटला म्हणता! पोरं बाकांवर उभी राहिली. एकेक मान पहिल्या रांगेकडे वळली. पार्थला चेव चढला, तो लंगडलासुद्धा. ते लिहिलेलं नव्हतं, पण विंगेत सुमेधने त्याला अंगठा दाखवला. खोटं कशाला बोला, त्याला मजा येत होती. आत्याही हसल्या, जरा उशिरा. शेवटी "फेका त्या गोळ्या!" म्हणत काकूने डबा स्टेजवरच्या कचऱ्याच्या टोपलीत भिरकावला आणि टाळ्यांनी कानठळ्या बसल्या.

प्रसादाच्या रांगेत कॉलनीतल्या क्षमावहिनी म्हणाल्या, "काय आत्या, आज कुठली गोळी?" सगळ्या खदखदल्या. ज्यांचे धरलेले घसे त्या डब्याने सोडवले, त्याच सगळ्या! आत्या मोदक न घेताच घरी गेल्या.

सुमेधचा फोटो हिंदी पेपरात आला. आत्यांनी फोन केला नाही. सुमेधने ओळखलं, ओळखलंच त्याने, पण पाय तिकडे वळेनात. आज परीक्षा, उद्या प्रॅक्टिकल, अशी मनाला भूल घालत राहिला. पितृपंधरवडा लागला तेव्हा आईने खिरीचा डबा हातात कोंबला, "जा, तुझ्या आत्याला देऊन ये." तेव्हा गेला.

दार लोटलेलं होतं. घरात वास होता. आत्या पलंगावर, अंग भाजत होतं. त्याने बँडेज सोडलं. अंगठा काळा पडला होता.

"आत्या, गोळ्या? तुझ्या गोळ्या कुठेयत?"

"दिल्या फेकून. सगळ्याच. तुम्हीच नाही का म्हणालात?" त्या हसायला गेल्या. "या वयात आणखी हसं नको रे बाबा."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. जी ओळ सुमेधने टाळीसाठी गाळली, ती या एका बाईला हवी होती.

दवाखान्यात डॉक्टर आत्यांवर तडकले. "पूरा कोर्स क्यों नहीं किया? किसने बंद करवाया?"

"किसी ने नहीं जी," आत्या चटकन म्हणाल्या. "हमीं भूल गए."

डॉक्टर सुमेधकडे वळले. "और आप? पढ़े-लिखे लगते हैं. घर में किसी का ध्यान नहीं था?"

तेव्हा बोलायचं होतं. त्याने मान खाली घातली, आणि डॉक्टरांना वाटलं, पोरगा काळजीत आहे. त्यांनी पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला थोबाडीत बसावी तसा लागला.

अंगठा काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती. भुसावळकडची, नुकतीच आलेली. "टाके ओढताहेत हो," ती सांगत होती आणि नर्सला समजत नव्हतं. आत्या गुंगीत होत्या, डोळेसुद्धा धड उघडत नव्हते. तशाच म्हणाल्या, "सिस्टर, टांके खिंच रहे हैं उसके. दर्द नहीं, खिंचाव है." एवढं सांगून पुन्हा पडून राहिल्या. नाटकात ही बाई सुमेधने कुठे दाखवली होती? मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा तो उभा राहिला. "सर, दवा ये नहीं भूलीं. मैंने बंद करवाई. हमारे नाटक ने." आणि सगळं सांगून टाकलं, डबा, इरकल, गाळलेली ओळ. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढच्या खाटेकडे गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"कशाला सांगितलंस?" आत्या म्हणाल्या.

"माझं चुकलं, आत्या."

"डब्याचं माझंच चुकत होतं. ती पोरगी विरजणाचं बोलली तेव्हाच पटलं मला." त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "पण सुमेध, तू डबा मागायला घरी आला होतास ना? तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी ऐकलं नसतं का रे?"

मागून नेलेला तो डबा अजून पार्थकडेच होता, परत द्यायचाच राहिला होता.