चराला वाट देणारी आक्का

कुणाच्या रानात पाणी तुंबलेलं दिसलं की आक्का बांध ओलांडून सरळ आत शिरायची आणि परक्याची मोटर बंद करून यायची. मालक भांडायला आला की म्हणायची, "रान काय म्हस हाय व्हय रं, डुंबायला?"

कृष्णाकाठच्या आमच्या गावात पाण्याला तोटा नव्हता. बारमाही ऊस आणि सरीत कायम पाणी. त्यामुळे आक्काचं बोलणं कुणाला पटायचं नाही. तिचा नवरा फौजेत असतानाच गेला, मुलगा पुण्यात नोकरीला. ओढ्याकाठचं रान ती एकटी बघायची. ऊस निघाला की खतासाठी ताग गाडायची, मधे गहू करायची, जमीन सुकू द्यायची.

मोटरींच्या भांडणांनी लोक तुटले. लग्नाचं आवतण तिच्या दारावरून पुढं जायचं. चुलतदीर तात्या तर रस्त्यात भेटले तरी मान फिरवायचे. मी शेजारची सून. संध्याकाळी दूध घेऊन गेले की ती उगाच बसवून घ्यायची. "घोटभर च्या घे गं. एकटीसाठी गॅस पेटवायचा कटाळा येतोय."

मग पाणी तुंबून तुंबून तिच्या रानामागच्या, इतरांच्या खोलगट रानांत मीठ फुटलं. जमीन पांढरी पडली, ऊस खुजा राहिला. तात्यांच्या पट्टीत तर कोंबच वर येईनात. खोल चर काढायचा, त्यात नळ पुरायचे आणि खारं पाणी ओढ्यात सोडायचं, हा एकच उपाय होता. ओढ्याची वाट आक्काच्या उभ्या गव्हातून जात होती.

तात्या चौघांना घेऊन तिच्या दारात आले. आता आक्का सगळा वचपा काढणार, असंच आम्हाला वाटलं.

"काढा चर," ती म्हणाली. "गहू काय, पुन्ना पेरता येतोय. पर आदी आत येऊन बसा."

तिनं सगळ्यांना पोहे केले. काम चाललं तोवर तिच्या बाहेरच्या सोप्यात माणसं होती. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिली नव्हती. चर बुजवून झाला, तशी माणसं आपापल्या रानात गेली आणि पुन्हा कुणी फिरकलं नाही.

पुढं गुडघे धरले म्हणून मुलानं तिला पुण्याला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा तिनं एकेकाच्या रानाची चौकशी केली. तात्यांचा हरभरा फुलात आहे म्हटल्यावर खुलली. निघताना हात धरून म्हणाली, "तात्याला म्हनावं, एकदा न्यायला ये. रानं बगून माघारी येते."

निरोप ऐकून तात्या म्हणाले, "व्हय, जाऊया की."

पुण्याहून फोन आला तो आक्का गेल्याचाच. मी सांगायला रानात गेले, तेव्हा तात्या हरभरा उपटत होते. ऐकून तिथंच खाली बसले.

"निगालोच हुतो गं," ते म्हणाले. "म्हनलं, एवढी सुगी उरकू दे."